प्रश्न कोटीचा आणि प्रश्न पंधराशेचा

(रत्नागिरी येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आज इथे शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, आशा आहेत, बचत गटाच्या बाया आहेत आणि मागच्या रांगेत, दाराजवळ, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या मैत्रिणी बसल्या आहेत. त्या नेहमी दाराजवळच बसतात, कारण त्यांना लवकर निघायचं असतं. म्हणून त्यांच्याशी संबंधित गोष्ट मी आधी सांगणार आहे.

मला दिलेला विषय आहे 'दूरदर्शनचा पडदा आणि बाई'. या विषयावर आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. जाहिरातीतली बाई, मालिकेतली सोशिक सून, कारस्थानी सासू. ते सगळं खरंच आहे, पण ते पडद्यावरच्या खोट्या बायांबद्दल झालं. गेल्या पंचवीस वर्षांत पडद्यावर खऱ्या बायाही येऊ लागल्या. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या गावासकट. त्या तिथे का जातात, त्यांना तिथे काय मिळतं आणि परत आल्यावर काय उरतं, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

'कौन बनेगा करोडपती' हा कार्यक्रम २००० सालच्या जुलैमध्ये सुरू झाला. मूळ कल्पना इंग्लंडातली, १९९८ची. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या वाडीत दोनच घरी टीव्ही होता आणि नऊ वाजता ओटीवर माणसं मावत नसत. पुरुष मोठ्यानं उत्तरं सांगत. बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बघत आणि उत्तर आलं तरी पदराआड पुटपुटत. त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे हा मराठी तरुण पहिला करोडपती झाला. एक कोटी जिंकणारी पहिली बाई यायला २०१० साल उजाडावं लागलं : झारखंडमधल्या गिरिडीहच्या राहत तस्लीम. २०१३ साली मुंबईच्या सुनमीत कौर साहनी यांनी पाच कोटी जिंकले.

पुढच्या काही वर्षांची यादी पाहिली तर एक गोष्ट डोळ्यात भरते. २०१८ साली गुवाहाटीच्या बिनिता जैन, शिकवण्या घेणाऱ्या. २०२० साली बस्तरमधल्या जगदलपूरच्या अनुपा दास, शिक्षिका. २०२१ साली आग्र्याच्या हिमानी बुंदेला, केंद्रीय विद्यालयात गणित शिकवणाऱ्या, अपघातात दृष्टी गेलेल्या. या तिघींनीही एक कोटी जिंकले. आपल्या महाराष्ट्रातून २०२२ साली कोल्हापूरच्या कविता चावला यांनी कोटीचा टप्पा गाठला. त्या बारावीपर्यंत शिकलेल्या गृहिणी. आणि त्याआधी, २०१९च्या सप्टेंबरमध्ये, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. त्याही शाळेतल्याच, पण फळ्यासमोरच्या नव्हेत, चुलीसमोरच्या. मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या. साडेचारशे मुलांची खिचडी, महिन्याला पंधराशे रुपये.

म्हणजे ज्ञानाच्या या खेळात वरपर्यंत पोचलेल्या कितीतरी जणींचा शाळेशी, शिकवण्याशी, मुलांचा अभ्यास घेण्याशी संबंध आहे. यात आश्चर्य नाही. शिकवणारी बाई रोज शिकत असते. पण शाळेत दोन प्रकारच्या बाया असतात. एकीला सगळे 'बाई' म्हणतात, दुसरीला नावानं हाक मारतात किंवा 'खिचडीवाली' म्हणतात. बबिताताई कोटीच्या प्रश्नापर्यंत पोचल्या, तेव्हा ही उतरंड निदान एका रात्रीपुरती हलली.

तो कोटीचा प्रश्न काय होता आठवतंय? बहादूरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या शायरानं १८५७च्या उठावाचा स्वतःचा अनुभव 'दास्तान-ए-गदर' या पुस्तकात लिहिला. उत्तर होतं जहीर देहलवी. आपण रत्नागिरीकर, या इतिहासाचं दुसरं टोक आपल्या गावात आहे. इंग्रजांनी दिल्लीच्या बादशहाला ब्रह्मदेशात रंगूनला पाठवलं आणि पुढे ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इथे आणून ठेवलं. १८८६ पासून १९१६ला मरेपर्यंत तो इथेच होता. थिबा पॅलेसवरून आपण रोज जातो. पण मनाशी विचारा : आपल्या शाळेतली स्वयंपाकीण हा इतिहास जाणत असेल, असं आपल्याला कधी वाटलं होतं का? तिच्याशी आपण तांदळाचा स्टॉक, मीठ आणि गॅस सिलिंडर सोडून कशाबद्दल बोलतो?

आता मी पैशाचा हिशोब मांडते, कारण तो कार्यक्रमात मांडला गेला नाही. महिना पंधराशे म्हणजे वर्षाचे अठरा हजार. एक कोटी रुपये या दरानं कमवायला साडेपाचशेहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्याही आधीपासून बबिताताई खिचडी शिजवत असत्या, आणि एक पैसाही खर्च केला नसता, तर २०१९ साली त्यांचे कोटी झाले असते. आणि मी हे वर्षाचे बारा महिने धरून सांगते आहे. केंद्राच्या नियमात हे मानधन दहाच महिन्यांचं आहे. मे महिन्यात स्वयंपाकिणीला भूक लागत नाही, असा बहुधा सरकारचा समज असावा.

जिंकलेल्या कोटीतूनही कर कापला जातो : तीस टक्के, वर अधिभार आणि उपकर. सुमारे एक तृतीयांश रक्कम तिथेच जाते. त्याबद्दल तक्रार नाही, कर भरलाच पाहिजे. पण सरकारनं त्या एका रात्रीच्या करातून बबिताताईंकडून जे घेतलं, तेवढं मानधन त्यांना द्यायला सरकारला दीडशेहून जास्त वर्षं लागली असती, हेही लक्षात ठेवू या.

टीव्हीवर हा पंधराशेचा आकडा सांगितला गेला तेव्हा प्रेक्षक हळहळले, टाळ्या वाजल्या. बबिताताई म्हणाल्या की घरात एकच फोन आहे, त्यांना स्वतःचा एक मोबाइल हवा आहे. तोही त्यांना मिळाला. ते पाहून माझेही डोळे भरून आले. पण डोळे पुसल्यावर प्रश्न पडतो. पंधराशे रुपयांवर साडेचारशे मुलांचं जेवण होतं, ही हळहळण्याची गोष्ट आहे की संतापाची?

आपल्याकडे श्रावणात कहाण्या वाचतात. एक दरिद्री बाई असते. ती नेमानं व्रत करते, हाल सोसते, कुणाला दुखवत नाही. मग देव प्रसन्न होतो आणि तिचं घर सोन्यानं भरतं. कहाणीत कुणी विचारत नाही की ती दरिद्री का होती, तिच्या वाटणीचं कुणी खाल्लं. टीव्हीची कहाणी याच साच्यातली आहे. फक्त व्रताऐवजी सामान्यज्ञान आलं आणि देवाऐवजी संगणक. गरिबी ही त्या कहाणीची सुरुवात म्हणून लागते. ती जितकी जास्त, तितका शेवट गोड. कार्यक्रमवाल्यांना मी दोष देत नाही, त्यांचा तो धंदा आहे. पण आपण कहाणी ऐकून अक्षता टाकून उठणार असू, तर आपल्यात आणि साध्या प्रेक्षकात फरक काय?

शाळेतल्या जेवणाची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आधी कोरडा तांदूळ मिळायचा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला. म्हणजे मुलांचा शिजवलेल्या अन्नाचा हक्क न्यायालयानं मान्य केला, पण शिजवणार कोण आणि काय मोबदल्यात, हा प्रश्न मागेच राहिला. २००९ साली केंद्रानं दरमहा एक हजार मानधन ठरवलं. महाराष्ट्रात ते पंधराशे होतं आणि मोर्चे, धरणी, निवेदनं झाल्यावर २०२३ साली अडीच हजार झालं. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, शंभरापर्यंत दोन, पुढे दर शंभराला एक, असा नियम आहे. आपल्या कोकणात वाड्यावाड्यांवर पंधरा-वीस पटाच्या शाळा. तिथे बाई एकटीच असते. पाणी तीच आणते, तांदूळ तीच निवडते, भांडी तीच घासते, पावसात साकव वाहून गेला तर वळसा घालून तीच येते. एकटी असल्यामुळे ती आजारी पडू शकत नाही. आणि एकटी असल्यामुळे ती संघटित होणंही कठीण.

शब्दांकडे बघा. याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. पगार म्हटलं की कामगार आली, किमान वेतन आलं, रजा आली. मानधन म्हटलं की बाई 'सेवा' करते आहे. घरात ती करतेच, इथेही करते. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानं मना केलेली वेठबिगारी आहे. आणि डिसेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं बस्ती जिल्ह्यातल्या एका शाळेच्या स्वयंपाकिणीच्या याचिकेवर नेमकं हेच म्हटलं : महिना हजार रुपये देऊन जेवण शिजवून घेणं ही वेठबिगारी आहे, किमान वेतन द्या. ती बाई कुठल्या खुर्चीवर बसली नव्हती. तिला कुणी चार पर्याय दिले नव्हते. तिनं स्वतः प्रश्न विचारला आणि न्यायालयाला उत्तर द्यावं लागलं. आपल्या मुलींना आपण कोटीच्या विजेत्यांची नावं पाठ करायला सांगतो. हा निकालही पाठ करून घेऊ या.

मग या कार्यक्रमांना नाकं मुरडायची का? आमच्या गटात यावर जोरदार वाद झाला. एका ज्येष्ठ कार्यकर्तीचं म्हणणं : हा बाजार आहे, लॉटरी आहे, लाखोंतली एक वर जाते आणि बाकीच्यांना वाटतं आपलं नशीब फुटकं. तिचं म्हणणं खोटं नाही. २०११ साली बिहारमधल्या मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी पाच कोटी जिंकले. २०२० साली त्यांनी स्वतःच लिहिलं की त्यानंतरचा काळ आयुष्यातला सर्वांत वाईट होता. आणि पुढे त्यांनी काय केलं? अभ्यास करून बिहार लोकसेवा आयोगाची शिक्षक भरतीची परीक्षा दिली, उत्तीर्ण झाले आणि शिक्षक झाले. पाच कोटी जिंकलेल्या माणसालाही शेवटी दर महिन्याला येणारा पगार आणि मुलांसमोरचा फळा हवासा वाटला, यात आपल्यासाठी पुष्कळ काही आहे.

पण वादाची दुसरी बाजू मांडणारी होती आमच्यातलीच एक शिक्षिका. तिचं आणि तिच्या गावाचं नाव सांगत नाही. दोन शिक्षकी शाळा, नवरा मुंबईत, घरी सासूबाई आणि दोन मुलं. रात्री भांडी आटपली की ती वही घेऊन बसायची. मोबाइलवरच्या प्रश्नांची उत्तरं देता देता तिला एक दिवस निवड चाचणीला मुंबईला बोलावणं आलं. झालं! वरिष्ठांनी रजेच्या अर्जावर विचारलं, "शाळा सोडून हे काय नवीन?" नवरा फोनवर म्हणाला, "हरलीस तर लोक हसतील, आणि जिंकलीस तर दारात रांग लागेल. दोन्हीकडून आपल्यालाच त्रास." सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा गो बाय. मी चौथीत पहिली आले होते, मला कुणी पाचवीत घातलं नाही. पोरांचं मी बघते."

ती गेली. चाचणीत तिची निवड झाली नाही. परत आल्यावर गावात सगळ्यांनी एकच विचारलं : मग मिळालं काय? गटाच्या बैठकीत तिनं याचं उत्तर दिलं ते असं : "पंधरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला फक्त माझ्या डोक्यात काय आहे ते विचारलं. मुलांचा पट नाही, आहाराचा हिशोब नाही, सासूचं दुखणं नाही. मला काय येतं एवढंच. ते मला पुन्हा हवंय, पण त्यासाठी मुंबईला जायला लागू नये."

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. 'होम मिनिस्टर' आठवा. २००४ पासून वर्षानुवर्षं भावोजी घरोघरी गेले, वहिनींना खेळवलं, पैठणी दिली. बायांना त्यात आनंद मिळाला, तो मी हिणवणार नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला तासभर हसायला मिळालं तर कुणाचं काय बिघडलं? पण तिथे ती 'वहिनी' असते, कुणाची तरी बायको, कुणाची तरी सून. प्रश्नमंजुषेच्या खुर्चीत तिला तिच्या नावानं हाक मारतात आणि तिला काय माहीत आहे ते विचारतात. बायांना त्या खुर्चीची ओढ वाटते ती केवळ पैशासाठी नाही. आपल्याला काही माहीत आहे, हे कुणीतरी मानावं, यासाठी आहे.

ही ओढ आपल्या जिल्ह्याला नवी नाही. देवरुखात १८७० साली जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले वैधव्यानंतर शिकायला लागल्या, महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात काम करू लागल्या आणि आश्रमासाठी निधी गोळा करत गावोगाव सभांमधून बोलल्या. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या, इंग्रजी धड येत नसताना. त्या काळात विधवेनं चार माणसांत तोंड दाखवणं निषिद्ध, आणि ही बाई व्यासपीठावर. फरक एवढाच की त्यांनी व्यासपीठावरून मागितलं ते स्वतःपुरतं नव्हतं, मागून येणाऱ्या मुलींसाठी होतं.

मग आमच्या त्या शिक्षिकेनं काय केलं? चाचणीसाठी जमवलेल्या वह्या तिनं शाळेच्या पडवीत आणल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास. पहिल्या शनिवारी तिच्यासमोर एकटीच बसली होती : शाळेची स्वयंपाकीण. सातवीत शाळा सुटलेली, वय अडतीस. आज त्या तासाला नऊ जणी येतात. स्वयंपाकीणबाईंनी दहावीला बाहेरून बसायचं ठरवलं आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरून. त्यांचा नवरा म्हणाला, "तू काय आता अमिताभसमोर बसणारेस?" त्या म्हणाल्या, "नाही. मुख्याध्यापकांसमोर बसणार आहे. माझ्या मानधनाचे चार महिने थकलेत, त्याचा अर्ज मला स्वतःला लिहायचाय."

मैत्रिणींनो, तो अर्ज त्यांनी लिहिला. पैसे अजून पूर्ण आलेले नाहीत. दोन महिन्यांचे आले, दोनचे बाकी आहेत. त्या दहावी होतील की नाही, हेही आज मी सांगू शकत नाही. गणिताची त्यांना भीती आहे आणि भातलावणीत अभ्यास मागे पडला आहे. मी गोड शेवट सांगायला उभी नाही.

मी तीन गोष्टी मागायला उभी आहे. पहिली : प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या शाळांमध्ये पोषण आहार शिजवणाऱ्या बायांची यादी करावी. कोणत्या महिन्याचं मानधन कधी मिळालं, किती थकलं, हे तारखेनिशी वहीत लिहावं. या वह्या जिल्ह्यात एकत्र आल्या तर ते निवेदन नुसतं निवेदन राहणार नाही, पुरावा होईल.

दुसरी : आठवड्यातला एक तास. पडवीत, समाजमंदिरात, देवळाच्या सभामंडपात, कुठेही. वर्तमानपत्र वाचा, नकाशा काढा, एकमेकींना प्रश्न विचारा, थिबा राजापासून रेशनकार्डापर्यंत. शिक्षिकांनी यात पुढाकार घ्यावा, पण शिकवायला नाही, बसायला. आणि त्या तासाला घरातल्या पोरांना कोण बघणार, ते घरातल्या पुरुषांनी ठरवावं.

तिसरी : आपल्यातली कुणी या कार्यक्रमांना निघाली तर तिला अडवू नका, हसू नका. तिच्या रजेसाठी, प्रवासासाठी, मुलांसाठी गटानं उभं राहावं. आणि तिनंही खुर्चीवर बसल्यावर आपलं मानधन सांगताना डोळे खाली घालू नयेत. पंधराशे काय किंवा अडीच हजार काय, तो आकडा तिची लाज नाही. ज्यांनी तो ठरवला त्यांची आहे.

त्या खेळात अडलेल्या माणसाला मित्राला फोन करण्याची सोय असायची. आमच्या बैठकीत आम्ही बायांना विचारलं, तुम्ही कुणाला फोन कराल? बहुतेकींनी भावाचं, मुलाचं, सरांचं नाव घेतलं. एकीनंही दुसऱ्या बाईचं नाव घेतलं नाही. आपल्या कामाला इथून सुरुवात करू या. पुढच्या वर्षी याच मेळाव्यात हाच प्रश्न मी पुन्हा विचारणार आहे, आणि तेव्हा दाराजवळ बसलेल्या माझ्या मैत्रिणी पुढच्या रांगेत असाव्यात एवढीच अपेक्षा.